शनिवार रात्रीच्या नोंदी : नऱ्हे-आंबेगाव, जून 2025 ते जानेवारी 2026

11 जून 2025, बुधवार

विद्यार्थ्यांच्या शनिवार रात्रीच्या पिण्यातून होणारं नुकसान कमी करण्याच्या प्रकल्पाचे कागद सह्या होऊन आले. मुदत एक वर्ष. भाग नऱ्हे, आंबेगाव बुद्रुक, आंबेगाव खुर्द आणि महामार्गालगतची पट्टी. आंबेगाव 2017 मध्ये पुणे महापालिकेत आलं, नऱ्हे 2021 मध्ये. त्यामुळे रस्ते अजून ग्रामपंचायतीच्या रुंदीचे आणि इमारती उंचच उंच. इंजिनिअरिंग, फार्मसी, मॅनेजमेंटची कॉलेजं जवळजवळ. होस्टेलात न मावलेली मुलं-मुली फ्लॅटमध्ये कॉट बेसिसवर राहतात. टू बीएचकेत सहा-आठ जण, मालक दुसऱ्या गावी, भाडं फोनवरून.

चमूत मी, एका कॉलेजातले एनएसएसचे सर, इथंच दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टर मॅडम आणि स्वयंसेवक मुलं-मुली.

निधी देणाऱ्यांच्या नमुन्यात एक रकाना आहे, ‘व्यसनमुक्त झालेल्या लाभार्थींची संख्या’. तो रिकामा सोडलाय आणि का सोडलाय ते वेगळ्या कागदावर लिहून जोडलंय. ज्या मुलांसाठी हे काम आहे ती व्यसनी नाहीत. महिन्यातून दोन-तीनदा बसतात. पण बसली की दोन तासांत इतकी पितात की पुढचं काहीच त्यांच्या हातात राहत नाही. मग गाडी घेऊन महामार्गावरच्या, अपघातांसाठी कुप्रसिद्ध नवले पुलाच्या उताराला लागणं, गच्चीच्या कठड्यावर बसणं, मारामारी, नको त्या माणसाबरोबर नको तिथं जाणं. सोमवारी पुन्हा सबमिशन. मी आधी व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात काम केलंय. पुण्यात मुक्तांगण 1986 पासून उभं आहे, तिथून बाहेर पडून सावरलेली माणसं आम्ही सगळ्यांनी पाहिली आहेत. पण तिथं पोचणारा माणूस बहुधा संसार मोडकळीला आल्यावर पोचतो. वीस वर्षांच्या, शनिवारी टल्ली होणाऱ्या पोराला ‘तू व्यसनी आहेस’ म्हटलं तर तो हसतो, आणि त्याचं हसणं चूक नसतं.

कालच मंत्रिमंडळाने दारूवरचं उत्पादन शुल्क वाढवलं. भारतात बनणाऱ्या विदेशी मद्यावर (व्हिस्की, रम वगैरे) निर्मिती खर्चाच्या तिप्पट होतं, ते साडेचारपट. 180 मिलिच्या क्वार्टरची किमान किंमत आता 205 रुपये, देशीची 80, आणि ‘महाराष्ट्र मेड लिकर’ नावाचा धान्यापासूनचा नवा प्रकार 148 ला. बिअर आणि वाइन वाढीतून वगळली आहे. डॉक्टर मॅडमचा अंदाज, पोरं स्ट्राँग बिअरकडे वळतील. बघू.

28 जून, शनिवार

रात्री नऊ ते दोन भाग पायी फिरलो. सर, मी आणि दोन माजी विद्यार्थी. नकाशावर खुणा करायच्या होत्या : कुठं पितात, कुठून आणतात, कुठून परत येतात.

परमिट रूममध्ये विद्यार्थी फार थोडे. पितात ते फ्लॅटवर, गच्चीवर, पार्किंगमध्ये उभ्या गाडीत, नाहीतर सिंहगडाच्या दिशेने कुठंतरी कडेला. आणतात ते वाइन शॉपमधून, वर्गातला दाढीवाला पुढे करून. दुकानातला पोऱ्या फ्लॅटवर आणूनही देतो. मोबाइलवर नुसती यादी पाठवायची. राज्यात बिअरसाठी वयाची अट 21 आहे, विदेशी-देशी मद्यासाठी 25. म्हणजे पदवीच्या जवळजवळ सगळ्या मुलांचं पिणं बेकायदाच. त्याचा परिणाम इतकाच की त्यावर कुणी मोठं माणूस त्यांच्याशी बोलत नाही. कॉलेज म्हणतं आमच्या आवारात होत नाही, सोसायटी म्हणते मालकाला विचारा, मालक म्हणतो मी तिथं राहत नाही.

एक गोष्ट नकाशावर न मावणारी कळली. इथल्या मेस रात्री साडेनऊला बंद होतात आणि रविवारी संध्याकाळी उघडतच नाहीत. शनिवारी दहाला बसणारा पोरगा दुपारच्या दोन पोळ्यांवर बसतो. नंतर चखणा म्हणून शेंगदाणे, फरसाण, वेफर्स. रिकाम्या पोटी दारू रक्तात झपाट्याने चढते हे काही गुपित नाही, पण मेसच्या वेळापत्रकाशी त्याची सांगड आधी कुणी घातली नव्हती. सरांनी चालता चालताच वहीत तीनदा अधोरेखित केलं.

5 जुलै, शनिवार

उद्या आषाढी एकादशी, ड्राय डे. वाइन शॉपसमोर संध्याकाळी सहापासून रांग. एरवी एका रात्रीपुरतं घेणारे दोन रात्रींचं घेत होते. तेवढं घरात आलं की एकाच रात्री संपतं, असं रांगेतल्याच एकाने हसत सांगितलं.

12 जुलै, शनिवार

कँटीनमध्ये चिठ्ठ्यांची पेटी ठेवली होती, ती आज उघडली. प्रश्न तीन : गेल्या वेळी किती प्यायलात, तुमच्या वर्गातला साधारण मुलगा किती पितो असं वाटतं, आणि त्या रात्री तुम्हाला घरी कुणी आणलं. नाव लिहायचं नाही, पेटी सरांच्या टेबलापासून लांब.

सगळ्यात मोठा गठ्ठा ‘मी पीत नाही’ म्हणणाऱ्यांचा निघाला. आणि याच गठ्ठ्यातल्या मुलांनी दुसऱ्या प्रश्नाला लिहिलं होतं, वर्गातले बहुतेक सगळे पितात! अमेरिकेत वेस्ली पर्किन्स आणि अ‍ॅलन बर्कोविट्झ यांनी 1986 मध्ये हेच दाखवून दिलं होतं. विद्यार्थी इतरांच्या पिण्याचा अंदाज नेहमी फुगवून करतात आणि मग त्या फुगवलेल्या अंदाजाला गाठायला जातात. आपल्याकडे तर साऱ्या देशाचं चित्र बघा. एम्सने केंद्र सरकारसाठी केलेल्या आणि 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत 10 ते 75 वयोगटातले 14.6 टक्के लोक दारू पिणारे निघाले. पिणारे थोडे. पण पिणाऱ्यांतला तिसरा हिस्सा उपचाराची किंवा मदतीची गरज असलेला. आपल्याकडे ‘घोटभर’ पिण्याची रीतच नाही. बसलं की संपेपर्यंत.

‘किती’ या प्रश्नाची उत्तरं वाचताना मजा आली. ‘दोनच बाटल्या.’ ‘एक क्वार्टर, तीही दोघांत.’ ‘मोजलं नाही.’ डॉक्टर मॅडमनी फळ्यावर हिशेब मांडला. आपल्या व्हिस्की-रमचं प्रमाण 42.8 टक्के. तीस मिलिच्या एका छोट्या पेगात साधारण 10 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल, म्हणजे एक एकक. क्वार्टरमध्ये सहा एककं. आणि 650 मिलिची 8 टक्क्यांची स्ट्राँग बिअर? चार. ‘मी दारू नाही पीत, फक्त बिअर’ म्हणणाऱ्याने दोन बाटल्या प्यायल्या की आठ पेग झाले. मागच्या बाकावरचा एक जण मोठ्याने ‘आयला’ म्हणाला. व्याख्यानाला मिळालेली ही सर्वात प्रामाणिक दाद.

यकृत तासाला साधारण एक पेग निस्तरतं. रात्री एकला आठ पेग संपवलेला मुलगा सकाळी सातच्या लेक्चरला गाडीवर निघतो तेव्हाही कायद्याच्या दृष्टीने प्यालेलाच असू शकतो. मर्यादा 100 मिलि रक्तात 30 मिलिग्रॅम. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत 80 आहे. पहिल्यांदा सापडलं तर 10,000 रुपयांपर्यंत दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. सकाळच्या गाडीचा हा मुद्दा मुलांना सर्वस्वी नवा होता.

14 जुलै, सोमवार

करवाढीच्या विरोधात आज राज्यभर बार आणि परमिट रूमचा बंद. आमच्या गल्ल्यांत फरक शून्य. नकाशा बरोबर आहे.

24 जुलै, गुरुवार

दीप अमावास्या. गटारी म्हणा. यंदा अमावास्या गुरुवारी आली, गुरुवारी मटण चालत नाही, म्हणून घरोघरच्या लोकांनी रविवारी किंवा बुधवारी उरकून घेतली. फ्लॅटवरच्या पोरांना वाराचं सोयरसुतक नाही. त्यांनी तिन्ही दिवस साजरे केले. घरी आजी या दिवशी दिवे घासून पूजते आणि कणकेचे दिवे करते, हे माहीत असलेला एकही मुलगा नव्हता असं मात्र नाही. साताऱ्याकडच्या एकाने खोलीत खरंच समई लावली होती, शेजारी खंबा. फोटोही दाखवला. मी काय बोलणार.

2 ऑगस्ट, शनिवार

मोठी बैठक. सोसायट्यांचे चेअरमन, मेस चालवणाऱ्या दोन मावश्या, वाइन शॉपचे मालक, पोलीस चौकीतले एक हवालदार, तीन कॉलेजांचे प्रतिनिधी, आणि विद्यार्थी. वाइन शॉपवाल्याला बोलावलं म्हणून एक चेअरमन काका सुरुवातीलाच उठून चालले होते. सरांनी बसवलं.

अर्धा वेळ कल्याणीनगरच्या पोर्शे अपघातावर गेला. 19 मे 2024 ची ती रात्र पुण्यात कुठल्याही बैठकीत निघतेच. सतरा वर्षांचा मुलगा, दोन जिवांचा बळी, आणि बाल न्याय मंडळाने जामीन देताना लिहायला सांगितलेला तो 300 शब्दांचा निबंध. निबंधावर सगळे एकमताने चिडतात आणि त्या भरात मूळ विषय बाजूला राहतो. मूळ विषय असा की त्या मुलाला वय न विचारता दारू मिळाली. हवालदार म्हणाले, तेव्हापासून तिकडच्या पबवर नजर वाढली, तपासण्या झाल्या, परवाने अडकले. मी विचारलं, मग ती गर्दी गेली कुठं? ते म्हणाले, ‘ताई, फ्लॅटवर. अजून कुठं जाणार?’

दोन चेअरमननी ‘आडवी बाटली’चा, म्हणजे मतदान घेऊन दारूचं दुकान बंद पाडण्याचा, आग्रह धरला. मला त्या मार्गाबद्दल आदर आहे. गडचिरोलीत लोकांनी आंदोलन करून 1993 मध्ये जिल्ह्याची दारूबंदी मिळवली ती टिकली. शेजारच्या चंद्रपुरात 2015 ला बंदी आली आणि 2021 ला उठली. पण आडव्या बाटलीचं मतदान हे प्रभागातल्या मतदार बायांचं हत्यार आहे, नवऱ्याच्या पगारावर डल्ला मारणाऱ्या दुकानाविरुद्धचं. आमची पोरं इथली मतदार नाहीत, आणि एक दुकान बंद झालं तर धायरीहून मागवायला त्यांना दहा मिनिटं पुरतात. सोसायटीच्या गाळ्यात नवं दुकान येणार असेल तर गोष्ट वेगळी. त्यासाठी सोसायटीचं ना हरकत पत्र लागेल असं मार्चमध्येच विधानसभेत जाहीर झालंय. ते काकांना सांगितलं, ते जरा शांत झाले.

ठरलं ते एवढं. वाइन शॉप शुक्रवार-शनिवारी प्रत्येकाचं ओळखपत्र बघणार आणि फ्लॅटवर पोच बंद करणार. मालकांचं म्हणणं रास्त होतं, ‘मी एकट्याने केलं तर गिऱ्हाईक शेजारी जाईल, सगळ्यांना लावा.’ हवालदारांनी बाकीच्या दुकानांशी बोलायचं कबूल केलं. मेसच्या मावश्यांनी विचार करून सांगते म्हटलं.

कॅलिफोर्नियातला एक प्रयोग इथं सांगितला. 14 सरकारी विद्यापीठं घेतली, त्यातल्या निम्म्या ठिकाणी विद्यापीठाबाहेरच्या पार्ट्यांवर काम केलं. गोंगाटाच्या घरांवर पोलिसांच्या फेऱ्या, वय न बघता विकणाऱ्यांची परीक्षा, रस्त्यावर तपासण्या, आणि हे सगळं होणार आहे याची आधीच दवंडी. रॉबर्ट साल्ट्झ आणि सहकाऱ्यांनी 2010 मध्ये निष्कर्ष छापले. त्या गावांतल्या पार्ट्यांत टल्ली होणाऱ्यांचं प्रमाण खाली आलं, आणि पोरं तिथून उठून दुसऱ्या अड्ड्यांवर गेली असंही दिसलं नाही. तिथले पोलीस आणि इथली चौकी यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आमच्या चौकीत रात्री दोन माणसं असतात. पण दवंडी पिटायला माणसं लागत नाहीत. ते आम्ही करू.

23 ऑगस्ट, शनिवार

आजचा सगळा दिवस एका पानावर गेला. मुलांशी बोलताना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा येते : कुणी बेशुद्ध पडला तरी फोन करत नाहीत. पोलिसांत नोंद होईल, कॉलेज निलंबित करेल, घरी कळेल, मालक खोली खाली करायला लावेल. म्हणून मित्राला झोपवून टाकतात आणि सकाळी उठेल म्हणतात. बहुतेक वेळा उठतोही.

कॉर्नेल विद्यापीठाने 2002 मध्ये नियम केला, की मदतीसाठी फोन करणाऱ्यावर आणि ज्याच्यासाठी केला त्याच्यावर दारूबद्दल शिस्तभंगाची कारवाई नाही. त्यानंतर तिथले मदतीचे फोन वाढले. न्यू यॉर्क राज्याने 2011 मध्ये तसा कायदाच केला. आपल्याकडे असा कायदा नाही, पण कॉलेजला आपल्या शिस्तीच्या नियमात सूट द्यायला कुणाची परवानगी लागत नाही. त्या पानावर, म्हणजे अशा सवलतीच्या मसुद्यात, तीन वाक्यं ठेवली. दोन कॉलेजांनी सही केली. तिसऱ्या ठिकाणी प्राचार्य म्हणाले, ‘मॅडम, हे म्हणजे आम्ही परवानगीच दिल्यासारखं होईल.’ तासभर बोलून शेवटी त्यांनी ‘विचाराधीन’ असं लिहून दिलं. सरकारी भाषेत हा नकार नसतो, होकारही नसतो.

13 सप्टेंबर, शनिवार

सांभाळणाऱ्यांचं प्रशिक्षण. प्रत्येक ग्रुपात एक जण न पिणारा किंवा थोडी पिणारा असतो. थम्सअप घेऊन बसतो, शेवटी सगळ्यांची ओकारी त्यालाच काढावी लागते आणि बिलातही त्याचा समान वाटा धरतात. या मुलांना आजवर कुणी विचारलं नव्हतं. आली भरपूर.

डॉक्टर मॅडमनी त्यांना कुशीवर वळवायला शिकवलं. गुडघा वाकवून, हात गालाखाली, तोंड जमिनीकडे, म्हणजे उलटी झाली तर श्वासनलिकेत जाणार नाही. पाठीवर कधीही झोपवायचं नाही. मिनिटाला आठपेक्षा कमी श्वास, दोन श्वासांत दहा सेकंदांहून जास्त अंतर, अंग गार, ओठ निळसर, चिमटा घेतला तरी हालचाल नाही, यांतलं काहीही दिसलं तर 108. लिंबूपाणी, कॉफी, लोणचं, घशात बोटं, थंड पाण्याची आंघोळ यांनी दारू उतरत नाही. शेवटचा घोट पोटात असेपर्यंत रक्तातली चढतच राहते, म्हणून ‘आता झोपलाय, म्हणजे उतरेल’ हा हिशेब उलटा आहे.

आंघोळीवर जोरदार वाद झाला. प्रत्येकाचा कुणी ना कुणी मित्र गार पाण्याने शुद्धीवर आलेला असतो.

21 सप्टेंबर, रविवार

पहाटे दोनच्या सुमारास प्रकल्पाचा फोन वाजला. दुसऱ्या वर्षाचा मुलगा, बाराला केक कापला, मग पैज. क्वार्टर पाणी न घालता एका दमात. मित्रांनी आधी बाथरूममध्ये नेऊन पाणी ओतलंच होतं. तेवढ्यात गेल्या आठवड्यात प्रशिक्षणाला आलेला एक जण खाली पार्किंगमध्ये होता, तो वर धावला. त्याने कुशीवर वळवलं, अंग पुसून पांघरूण घातलं, श्वास मोजले आणि 108 ला लावला. नंतर मला. मी पोचले तेव्हा गाडी निघाली होती.

रुग्णालयात रक्तातली साखर खाली गेलेली निघाली. सलाइन, ऊब, लक्ष. दुपारी सोडलं. कॉलेजने शब्द पाळला, एक चिठ्ठीसुद्धा घरी गेली नाही. मुलाने आईला स्वतःच फोन केला. काय बोलला ते त्याचं त्याला.

वॉचमनने मात्र अ‍ॅम्ब्युलन्सची वेळ वहीत लिहिली, वही चेअरमनकडे गेली, चेअरमनचा फोन मालकाला. सायंकाळपर्यंत खोली महिनाअखेर खाली करायची नोटीस, आठही जणांना. ज्याने फोन केला त्यालासुद्धा.

4 ऑक्टोबर, शनिवार

नोटिशीची बातमी दोन दिवसांत सगळ्या बिल्डिंगांत पोचली. त्यानंतर प्रकल्पाचा फोन वाजलेला नाही. सगळं आलबेल आहे असं कुणी म्हणू नये. गेल्या शनिवारी एका फ्लॅटवर मुलगा चार तास बेशुद्ध होता, हे आम्हाला बुधवारी चहाच्या टपरीवर कळलं. कॉलेजांची सही मिळवताना जे कमावलं होतं ते एका वॉचमनच्या वहीने घालवलं.

आता काम सोसायट्यांकडे. मी एक छोटा ठराव लिहून घेतलाय : वैद्यकीय मदत बोलावली या कारणावरून कुणाही भाडेकरूला नोटीस देऊ नये, गोंगाट, तोडफोड, मारामारी यांचे नियम आहेत तसेच राहतील. प्रत्येक चेअरमनच्या घरी जाऊन बसायचं आहे. चहा फार होणार.

पैज लावलेल्या त्या मुलाला डॉक्टर मॅडमनी दोनदा बोलावलं. जागतिक आरोग्य संघटनेची दहा प्रश्नांची प्रश्नावली भरून घेतली. 40 पैकी 8 आणि वर म्हणजे जपून. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात अ‍ॅलन मार्लॅट यांनी विद्यार्थ्यांसाठी बसवलेली दोन भेटींची पद्धत आहे, तिचाच हा आमच्या बळानुसार अवतार. उपदेश करायचा नाही. त्याची उत्तरं त्याच्यासमोर ठेवायची, तो किती पितो आणि बाकीचे किती पितात हे दाखवायचं, आणि पुढं काय हे त्यालाच विचारायचं. त्याने ठरवलं ते इतकंच, की पैज लावायची नाही आणि आधी जेवायचं. मॅडमच्या मते हे भरपूर आहे. सरांना अजून ‘सोडतो’ असं ऐकायचं होतं. यावर माझं आणि सरांचं अजून पटलेलं नाही.

11 ऑक्टोबर, शनिवार

मेसच्या मावशी तयार झाल्या. शुक्रवार-शनिवारी रात्री साडेअकरापर्यंत पिठलं-भात आणि ठेचा, ताट 60 रुपये. त्यांची अट अशी की दोन पोरं कामाला आमची, आणि पिऊन आलेल्याला आत घेणार नाही. दुसरी अट आम्ही मोडून काढली. पिऊन आलेल्यालाच तर जेवू घालायचं आहे. तडजोड झाली : आत नाही, पण कट्ट्यावर ताट मिळेल. पहिल्या रात्री भात कमी पडला. मावशी वैतागल्या, पण मनातून खूश दिसत होत्या. पैशांचं गणित अजून जमत नाही. गॅस आणि रात्रीचा पगार धरला की 60 रुपये पुरत नाहीत. निधीत ‘पिठलं’ या शीर्षकाखाली खर्च कसा दाखवायचा, यावर हिशेबनीसांनी डोक्याला हात लावलाय.

13 नोव्हेंबर, गुरुवार

नवले पुलावर मोठा अपघात, गाड्यांना आग. दारूशी संबंध नाही, अवजड वाहनाचा ताबा सुटला. संध्याकाळची बैठक रद्द. आमचे स्वयंसेवक मदतीला गेले होते, ते रात्री उशिरा परतले. कुणी फार बोललं नाही.

29 नोव्हेंबर, शनिवार

मुलींची वेगळी बैठक. सर आले नाहीत, ते बरंच झालं. मुली पितात यावर इथं कुणी उघड बोलत नाही, आणि मुलींचं म्हणणं पिण्याबद्दल नव्हतंच. होस्टेलचं फाटक दहाला बंद होतं. साडेदहाला पोचलेल्या मुलीला आत घेत नाहीत, घरी फोन जातो. म्हणून उशीर होणार असं दिसलं की मुलगी परतायचा नादच सोडते आणि रात्रभर कुणाच्या तरी फ्लॅटवर राहते. तिथं कोण कोण असेल हे तिच्या हातात नसतं. एकीने स्वच्छ सांगितलं, ‘मॅम, फाटक आम्हाला आत ठेवण्यासाठी आहे, पण शनिवारी ते आम्हाला बाहेरच ठेवतं.’ दोघींनी आपल्याबरोबर काय घडलं ते सांगितलं. ते या वहीत लिहिणार नाही. त्यांना हवी होती ती मदत जोडून दिली आहे.

एका होस्टेलच्या वॉर्डन मॅडम निम्म्यापर्यंत आल्या. साडेबारापर्यंत फाटक उघडणार, उशिराच्या वहीत सही, रात्री घरी फोन नाही. महिन्यात तिसऱ्यांदा झालं तर मात्र कळवणार. मुलींनी नाक मुरडलं, मग मान्य केलं. बाकीची होस्टेलं दाद देत नाहीत.

31 डिसेंबर, बुधवार

परमिट रूम पहाटे 5 पर्यंत उघडी. दुकानांत एक दिवसाचे परवाने फाडणं चालू, विदेशीला 5 रुपये, देशीला 2. राज्यात प्यायला परवाना लागतो हे बहुतेकांना आजच आठवतं. गडांवर दुर्गप्रेमींची पथकं पहाऱ्याला गेली आहेत, त्यांत आमचे तीन जण.

इथं मावशींचं ताट रात्री दोनपर्यंत. कट्ट्यावर कुशीवर झोपवायचे फलक. दुचाकीच्या चाव्या ठेवायला एक डबा ठेवला होता, चावीच्या बदल्यात सोडायला रिक्षा. दोन रिक्षावाले दादा रात्रभर होते, भाडं प्रकल्पाचं. डब्यात चाव्या थोड्याच पडल्या. पोरं दारू सोडतील पण गाडी दुसऱ्याच्या ताब्यात देणार नाहीत. प्रकल्पाचा फोन मात्र वाजला, बऱ्याच वेळा. बहुतेक वेळा ‘ताई, हा नीट आहे का बघायला या’ एवढंच. एकदा 108 बोलवावी लागली, मुलगी सकाळपर्यंत ठीक झाली. तो फोन ज्या सोसायटीतून आला तिने आमचा ठराव 20 डिसेंबरच्या सभेत मंजूर केलेला होता.

10 जानेवारी 2026, शनिवार

ठरावाची स्थिती. मोठ्या सोसायट्यांपैकी निम्म्याहून थोड्या जास्त ठिकाणी मंजूर. काही ठिकाणी चेअरमनना हवा आहे पण मालकांची सभाच भरत नाही. ज्यांनी आठ जणांना नोटीस दिली होती त्या काकांकडे कालही गेले होते. ठराव नको म्हणाले. लिफ्टमध्ये कुशीवर झोपवण्याचा फलक लावू का विचारलं तर म्हणाले, ‘तो लावा, पण तुमचा फोन नंबर नको, लोकांना वाटेल इथं तसलं काही चालतं.’ फलक लावला. 108 छापलेलं ठेवलं, त्यावर त्यांची हरकत नव्हती.

वाइन शॉप : एकाने ओळखपत्र चालू ठेवलं, दुसऱ्याने नोव्हेंबरातच सोडलं. हवालदारांची बदली झाली, नव्यांना पुन्हा पहिल्यापासून सांगायचं. महापालिकेची निवडणूक 15 तारखेला आहे. प्रचाराला पोरं लागतात आणि संध्याकाळची सोय होते, असं पोरंच सांगतात. हा महिना तसा हातातून गेला.

तिसऱ्या कॉलेजचं ‘विचाराधीन’ अजून विचाराधीन.

निधीवाल्यांची भेट झाली. रिकाम्या रकान्यावर बोट ठेवलं. मी त्यांना शनिवारी रात्री अकराला मावशींच्या कट्ट्यावर बोलावलंय. येतो म्हणाले, जेवण मिळेल का, असंही विचारलं.

पुढची बैठक 24 तारखेला. विषय एकच, दुचाकीच्या चाव्या. डब्याऐवजी चावी मेसच्या मावशींकडे द्यायची, ताटाबरोबर, आणि सकाळी नाश्त्याला परत घ्यायची, अशी सूचना एका मुलीकडून आली आहे. मावशींना अजून विचारलेलं नाही.